बरणीतला चतुर उपाशी का मेला?

मुलुंडच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला बागेला पाणी घालायचा जुना सिमेंटचा हौद आहे. गणपती उठल्यावर त्यांच्या आठवीतल्या मुलाने हौदाच्या कठड्यावरून एक चतुर पकडला आणि शेजारच्या जास्वंदीवरून एक हिरवा प्रार्थना कीटक. दोघांना दोन मोठ्या बरण्या दिल्या, तोंडाला जाळीचं कापड बांधलं, आत काड्या उभ्या केल्या आणि दोघांच्याही बरणीत जिवंत माश्या सोडल्या. प्रार्थना कीटक तीन आठवडे झाले, ठणठणीत आहे. चतुर दुसऱ्याच दिवशी मेला, आणि त्याच्या बरणीतल्या माश्या तशाच फिरत होत्या. ताई विचारतात, "दोघंही शिकारीच ना? मग एकाने खाल्लं आणि दुसऱ्याने तोंडही लावलं नाही, असं का? आणि मुलाला प्रकल्पात लिहायचंय, दोघांत वरचढ कोण?"

ताई, मी २४ वर्षं मुंबईतल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलं. विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून दरवर्षी प्रार्थना कीटक बरणीत वाढवले आणि चतुराची पिल्लं पाण्याच्या टबात वाढवली. मोठा झालेला, पंख फुटलेला चतुर मात्र कधी ठेवला नाही, कारण तो घरात किंवा बरणीत जगतच नाही. तुमच्या मुलाच्या हातून काही चुकलं, असं त्याला वाटू देऊ नका. त्याने दोघांना अगदी सारखं वागवलं, आणि दोघं इतके निराळे आहेत की सारखं वागवणंच एकाच्या जिवावर आलं.

शिकार करायची म्हणजे आपण आणि भक्ष्य यांच्यामधलं अंतर मिटवायचं. प्रार्थना कीटक ते अंतर मोजतो. भक्ष्य आपल्या हाताच्या टप्प्यात येईपर्यंत थांबतो, आणि आलं की एकदाच झडप घालतो. चतुर अंतर मोजायच्या भानगडीतच पडत नाही, तो दिशा धरतो. दोघांचे डोळे, पाय, पंख, राहायच्या जागा, सगळं या एका फरकातून निघतं. तुमच्या बरणीतही नेमका हाच फरक आडवा आला.

आधी प्रार्थना कीटक घेऊ, कारण तो तुमच्यासमोर आहे. बरेच जण त्याला नाकतोडाच म्हणतात. पण नाकतोडा पानं खातो, आणि त्याचे उड्या मारायचे मागचे पाय जाड असतात. याचे पुढचे पाय वेगळे आहेत. नात्याने तो झुरळ आणि वाळवी यांच्या जवळचा. त्याच्या पुढच्या पायाकडे भिंगातून बघायला सांगा. मांडीच्या खालच्या कडेला काट्यांच्या रांगा, पुढच्या नळीलाही काटे, आणि दोन्ही एकमेकांवर मिटतात, खिशातल्या चाकूचं पातं मुठीत मिटतं तसे. माशी त्यात सापडली की सुटायला वाव नाही. आपल्याला 'हात जोडल्यासारखे' दिसतात ते हे पाय झडपेच्या तयारीत मिटलेले असतात.

आता बरणीसमोर बसून तुम्ही जरा डावीकडे-उजवीकडे व्हा. त्याच्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो आणि तो आपल्या मागोमाग फिरतो, जणू तो आपल्याकडेच बघतोय. ती बाहुली नाही. कीटकाचा डोळा हजारो बारीक नेत्रिकांचा बनलेला असतो. ज्या नेत्रिका नेमक्या आपल्या दिशेला रोखलेल्या असतात त्या प्रकाश परत पाठवत नाहीत, म्हणून तेवढी जागा काळी दिसते. पण तो खरंच मान वळवून बघतो, हेही तितकंच खरं. फार थोड्या कीटकांना अशी मान वळवता येते. त्रिकोणी डोक्याच्या दोन टोकांना दोन डोळे, एकमेकांपासून लांब, आणि दोघांचीही नजर समोर. अशी रचना कशासाठी असते, हे आपल्याला आपल्याच चेहऱ्यावरून कळतं: दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतल्या फरकावरून अंतर काढण्यासाठी.

प्रार्थना कीटक दोन डोळ्यांनी अंतर काढतो, हे सॅम्युएल रोसेल यांनी १९८३ मध्ये त्याच्या डोळ्यांपुढे लोलक, म्हणजे प्रकाश वळवणारी त्रिकोणी काच, लावून दाखवलं. लोलकाने चित्र सरकलं की झडपेचा अंदाजही तेवढाच चुकायचा. पुढे इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात जेनी रीड आणि विवेक नित्यानंद यांच्या गटाने त्याला चक्क चष्मा घातला. एका डोळ्यापुढे निळी काच, दुसऱ्यापुढे हिरवी, मेणाने चिकटवलेली. समोर १० सेंटीमीटरवर पडदा. तेवढ्या लांबच्या ठिपक्यावर तो झडप घालत नाही, कारण पाय तिथवर पोचतच नाहीत. पण दोन डोळ्यांना वेगवेगळं चित्र दाखवून तोच ठिपका अडीच सेंटीमीटरवर आहे असं भासवलं, की पाय सुटायचे आणि हवेत बंद व्हायचे. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१८ मध्ये त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते: स्थिर चित्रातलं अंतर त्याला कळतच नाही. जे हलतंय, फक्त त्याचंच अंतर तो काढतो. दोन डोळ्यांना दिसणारी चित्रं एकमेकांशी अजिबात जुळत नसली तरी हालचाल जुळली की त्याला पुरतं. तिथे माणसाचे डोळे हात टेकतात.

म्हणून मेलेली माशी बरणीत टाकून उपयोग नाही. चिमट्याने तिचा पंख धरून हलवा, मग बघा. आधी डोकं वळतं. मग अंग पुढे झुकतं, इतकं हळू की झुकताना कळत नाही, झुकल्यावर कळतं. कधी कधी वाऱ्यावरच्या पानासारखा आख्खा कीटक डोलतो. मग पाय सुटतात, आणि ते मात्र दिसत नाहीत. दिसते ती थेट पायांत अडकलेली माशी. एका झडपेला सेकंदाचा विसावा ते दहावा भाग लागतो. आमच्या प्रयोगशाळेत साध्या मोबाइलवर स्लो मोशनमध्ये काढलेले असे कितीतरी व्हिडिओ होते, आणि मुलं ते पुन्हा पुन्हा बघायची. त्यात एक गोष्ट नजरेत यायची. पाय उघडताना मध्येच एक क्षण ते थांबल्यासारखे होतात. माशी सावकाश चालत असेल तर हा क्षण लांबतो, वेगात असेल तर आखडतो. भक्ष्याच्या वेगाप्रमाणे प्रार्थना कीटक झडपेचा वेग बदलतो, हे २०२० मध्ये संशोधकांनी मोजून दाखवलं आहे. थोडक्यात, ती आंधळी झडप नसते.

आणि पकडल्यावर खाणं, ते सावकाश, एका टोकापासून, आपण कणीस खातो तसं. खाऊन झालं की पायांचे काटे एकेक करून तोंडाने साफ करणार. हे साफ करणं मुलाला आवर्जून बघायला सांगा. हत्यारांची इतकी निगा राखणारा दुसरा प्राणी मी जवळून पाहिलेला नाही.

आता चतुर. टाचणी आणि चतुर यांत गोंधळ नको: बसल्यावर पंख अंगालगत मिटते ती टाचणी, सपाट पसरून बसतो तो चतुर. मुंबईतली पोरं त्याला हेलिकॉप्टर म्हणतात आणि शेपटीला दोरा बांधतात. ते कृपा करून करू देऊ नका, शेपटी म्हणतो ते त्याचं पोट असतं. हौदाच्या कठड्यावरचा म्हणालात, तर तुमचा चतुर बहुधा ग्रॅनाइट घोस्ट असावा. करडा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, सिमेंटच्या भिंतीवर बसला की दिसतच नाही. मुळात हा कातळावरच्या डबक्यांचा रहिवासी. शहरात त्याला कातळ मिळाला नाही तरी भिंती आणि हौद मिळाले, आणि तो इथे सुखाने राहिला.

चतुराच्या डोक्यावर डोळ्यांशिवाय फारसं काही नसतंच. मोठ्या जातींत एकेका डोळ्यात २५ ते ३० हजार नेत्रिका असतात. दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांना भिडतात, आणि वरच्या बाजूचा भाग निळ्या आकाशावर सरकणारा बारीक ठिपका टिपण्यासाठीच घडलेला असतो. कठड्यावर बसलेला चतुर सारखा डोकं तिरकं करतो, त्याचं कारण हेच. तो वर बघत असतो.

ठिपका दिसला की तो उडतो, अर्ध्या सेकंदाच्या आसपास त्याला गाठतो आणि परत येऊन त्याच जागी बसतो. या अर्ध्या सेकंदात काय होतं, ते समजावायला मी विद्यार्थ्यांना भाऊच्या धक्क्यावर न्यायचो. लाँचच्या सुकाणूवर बसलेल्या माणसाला विचारा. समोरून तिरपी दुसरी बोट येतेय आणि ती आपल्याला सारखी त्याच कोनात दिसतेय, पुढेही सरकत नाही, मागेही पडत नाही, फक्त मोठी होत चाललीय, तर ती आपल्यावर आदळणार. हे त्याला कुठल्याही यंत्राशिवाय कळतं आणि तो सुकाणू फिरवतो. चतुर याच्या बरोबर उलट करतो. माशी आपल्याला सारखी त्याच कोनात दिसत राहावी, असाच तो उडतो. ती डावीकडे सरकली की हाही तेवढाच डावीकडे. मग टक्कर होणारच, आणि ती टक्कर म्हणजेच शिकार. यात माशी किती लांब आहे हे कळायची गरजच पडत नाही. तो तिच्या मागे लागत नाही, ती जिथे पोचणार आहे तिथे जातो.

यासाठी त्याच्या मेंदूपासून पंखांच्या स्नायूंकडे जाणाऱ्या १६ मज्जापेशी खास राखून ठेवलेल्या आहेत, म्हणजे आठ जोड्या. त्यांतली प्रत्येक पेशी भक्ष्याच्या विशिष्ट दिशेला जास्त जोराने प्रतिसाद देते. भक्ष्याने दिशा बदलली की सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागात चतुराची मान आणि पंख वळलेले असतात. पंख चारही सुटे चालतात. आपल्याकडच्या बहुतेक उडणाऱ्या कीटकांत स्नायू छातीचा पिंजरा दाबतात आणि त्यामुळे पंख हलतात. चतुरात स्नायू थेट पंखांच्या मुळाशी जोडलेले असतात, म्हणून पुढची जोडी एक करतेय आणि मागची दुसरंच, असं होऊ शकतं. पाय मात्र चालायला निकामी. सहाही पाय पुढे झुकलेले, काटेरी केसांचे, उडताना त्यांची टोपली होते आणि माशी त्या टोपलीत येऊन पडते.

इथे एक शंका तुमच्या मुलाच्या मनात यायला हवी. अंतर कळत नसेल, तर जवळची माशी आणि लांबचा कावळा, दोन्ही डोळ्यात सारखेच ठिपके. मग तो कावळ्यावर का झेपावत नाही? २०१७ मध्ये यावर चांगलं काम झालं. चतुर ठिपक्याचा आकार आणि सरकण्याचा वेग यांचं प्रमाण बघतो. ते ठरावीक प्रमाणात बसलं तरच उडतो. म्हणजे अंदाजाचा एक साधा नियम, आणि तो बहुतेक वेळा बरोबर येतो. चुकतो कसा, हे बघायचं असेल तर कठड्यावर बसलेल्या चतुराच्या डोक्यावरून ज्वारीचा एक दाणा हलकेच उडवा. तो हमखास झेपावतो, दाण्याजवळ जातो आणि अगदी शेवटच्या क्षणी वळून परत येतो. दोन-तीनदा केलं तर पुरे, नाहक दमवू नका.

आता बरणीकडे येऊ. प्रार्थना कीटकाला लागणारी सगळी जागा म्हणजे त्याच्या हाताचा टप्पा, पाच-सात सेंटीमीटर. ती बरणीत पुरेपूर मिळते. काचेवर चालणारी माशी त्याच्या दृष्टीने पानावर चालणाऱ्या माशीसारखीच. चतुराला लागतं डोक्यावर मोकळं, उजळ आकाश आणि त्यावर सरकणारा ठिपका. बरणीत आकाश नाही. काचेवर चालणारी माशी त्याच्या हिशेबात भक्ष्य म्हणून येतच नाही. आली तरी झेप घ्यायला जागा नाही, आणि टोपली तर उडतानाच होते. शिवाय उजेडाकडे झेपावून तो सारखा काचेवर आपटतो, पंखांच्या कडा फाटतात. चतुराला उडण्याआधी अंग तापवावं लागतं, म्हणून तो उन्हात बसतो, आणि फार तापलं की पोट सरळ वर करून सूर्याला कमीत कमी अंग दाखवतो. बरणीत त्याला ऊन-सावलीची ही निवडही मिळत नाही. उपाशी, दमलेला, फाटक्या पंखांचा. दुसऱ्या दिवशी मेला तो यामुळे. एक सांगतो: चतुराला हळुवार धरून माशी थेट जबड्याला लावली तर तो ती चावून खातो. भूक होती, जबडेही शाबूत होते. फक्त माशीपर्यंत पोचायची त्याची रीत बरणीत मावत नव्हती.

पण तुमच्याकडे चतुर पाळायची एक खरी सोय आहे, आणि ती म्हणजे तो हौद. मला विचाराल तर या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा भाग तिथे आहे.

चतुराचं बालपण पाण्यात जातं. पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात हौदाच्या तळाचा गाळ आणि पाणी घ्या आणि दहा मिनिटं अजिबात हलवू नका. गाळाचाच एखादा तुकडा चालायला लागेल. मातकट, केसाळ, सहा पायांचं, बोटाच्या पेरापेक्षा लहान असं ते पिल्लू. आता त्यात डासांच्या वळवळणाऱ्या चार-सहा अळ्या सोडा. पिल्लू जागचं हलत नाही. अळी वळवळत जवळ येते, आणि एकदम नाहीशी होते. काय झालं ते पहिल्यांदा कुणालाच कळत नाही. या पिल्लाचा खालचा ओठ बिजागरीच्या हातासारखा लांब असतो आणि एरवी तो हनुवटीखाली दुमडून ठेवलेला असतो. टोकाला पळीसारखा खोलगट आणि दात असलेला. तो ओठ क्षणात पुढे फेकला जातो, अळी पकडतो आणि तोंडाशी आणून ठेवतो. याच पिल्लाला डिवचलं तर ते मागच्या बाजूने पाण्याची पिचकारी मारून पुढे सुटतं. श्वासही ते तिथूनच घेतं, गुदाशयात पाणी आत-बाहेर करून. मला २४ वर्षांत हा टब एकदाही शिळा वाटला नाही.

लक्षात आलं का? चतुराचं पिल्लू शिकार करतं ते प्रार्थना कीटकाच्या रीतीने. दबा धरून, टप्प्यात येऊ देऊन, एका झटक्यात. एकाच प्राण्याने आयुष्यात दोन वेगळ्या रीती वापरल्या, आणि मधे कोषसुद्धा नाही. शेवटची कात टाकायला पिल्लू रात्री भिंतीवर चढतं. मी एकदा कॉलेजच्या मागच्या टाकीवर टॉर्च घेऊन रात्री साडेदहापासून बसलो होतो. पाठ उभी फाटली, डोकं आणि छाती बाहेर आली, आणि मग ते तसंच उलटं लटकलं, अर्धा तास, मेल्यासारखं. एकदम वर उचललं गेलं, कातीलाच पायांनी धरलं आणि पोट सोडवून घेतलं. पंख तेव्हा भिजल्या कागदासारखे चुरगळलेले होते. ते हळूहळू भरत गेले. पहाटेपर्यंत काचेसारखे पंख झाले होते आणि उजाडता उजाडता ते उडून गेलं. भिंतीवर राहिली रिकामी कात, तोंडाशी दुमडलेल्या त्या ओठासकट. तुमच्या हौदाच्या आतल्या भिंतीवर, पाण्यापासून वीतभर वर, अशा काती नक्की सापडतील. त्या गोळा करून वहीत चिकटवायला हरकत नाही, त्याने कुणाचं काही जात नाही.

प्रार्थना कीटकाचं बालपण सरळसाधं आहे. मादी काडीवर फेस सोडते, त्यात अंडी असतात, फेस वाळून त्याची घट्ट पेटी होते. त्यातून मुंगीएवढी पिल्लं निघतात आणि पहिल्या दिवसापासून शिकारी असतात. इतकी की एका वर्षी एका पेटीतून सव्वाशेच्या वर पिल्लं निघाली, ती मी एकाच मोठ्या काचपेटीत ठेवली आणि आठवड्याने चाळीससुद्धा उरली नाहीत. एकमेकांना खाल्लं. तेव्हापासून एका बरणीत एकच. मादी नराला खाते हे सगळ्यांना माहीत असतं. खाते, पण दर वेळी नाही. उपाशी मादी जास्त वेळा खाते, पोट भरलेली बरेचदा सोडून देते.

रात्रीचा एक धोका प्रार्थना कीटकाला आहे, तो म्हणजे वटवाघूळ. जिन्याच्या दिव्यावर रात्री येतात ते बहुतेक नर असतात, मादीच्या वासावर उडत निघालेले. त्यांना एकच कान असतो, छातीच्या खाली, मागच्या पायांच्या मधोमध. आपल्याला ऐकू न येणारा वटवाघळाचा आवाज त्याला ऐकू येतो आणि तो गिरकी घेत खाली कोसळतो. हा कान शास्त्रज्ञांच्या लक्षात आला तोच १९८६ मध्ये.

चतुराची ताकद कुठवर जाते, हे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या कुठल्याही गच्चीवरून दिसतं. नवरात्राच्या सुमारास मैदानांवर, गच्च्यांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालत असतात, बसत म्हणून नाहीत. तो ग्लोब स्किमर, शास्त्रीय नाव पंटाला फ्लेव्हेसन्स. पावसाच्या साध्या डबक्यात ४० ते ६५ दिवसांत वाढून मोठा होतो आणि वाऱ्यावर निघतो. मालदीवमध्ये दर ऑक्टोबरला हे लाखोंनी उतरतात, जिथे गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीतच. चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने तिथे राहून वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आणि २००९ मध्ये मांडलं की हे भारतातून निघून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, आणि पुढच्या पिढ्या पावसाबरोबर परत येतात. समुद्रावर खातात काय? बरोबर वाऱ्याने उडालेले बारीक किडे. उडता उडता जेवायचं ही कला येत असल्याशिवाय हा प्रवास शक्यच नाही.

तर वरचढ कोण? आकडा हवा असेल तर चतुराचा मोठा आहे. अमेरिकेतल्या, एका जागी बसून तिथून झेपावणाऱ्या चतुरांच्या झेपा मोजल्या, तेव्हा शंभरातल्या ९७ यशस्वी ठरल्या होत्या. वाघ-सिंह याच्या आसपासही येत नाहीत. पण हे बारीक, मऊ, उडत्या किड्यांबद्दल आहे. प्रार्थना कीटकाच्या झडपा जास्त चुकतात, आणि त्याचं फारसं बिघडत नाही, कारण चुकीची किंमत कमी असते, तो पुन्हा थांबतो. उलट तो स्वतःपेक्षा जड प्राणी धरू शकतो. कर्नाटकात एका घराच्या गच्चीवरच्या छोट्या तळ्यात एका प्रार्थना कीटकाने पाच दिवसांत नऊ गप्पी मासे पकडून खाल्ल्याची नोंद २०१८ मध्ये छापून आली. पाण्यातल्या माशाचं अंतरही त्याने बरोबर काढलं! चतुराला हे कदापि जमणार नाही. आणि दोघांची गाठ पडलीच, तर पहाटे दवात पंख भिजलेला, गारठलेला चतुर प्रार्थना कीटकाच्या तावडीत सापडलेला मी स्वतः दोनदा पाहिला आहे. उन्हं वर आल्यावर तोच चतुर त्याच्या वाऱ्यालाही उभा राहिला नसता. प्रकल्पात 'वरचढ कोण' हा मथळा ठेवण्यापेक्षा 'कुठे कोण' असा ठेवायला सांगा. मी परीक्षक असतो तर त्याला जास्त गुण दिले असते.

सोसायटीच्या सभेत उपयोगाचा प्रश्न निघेलच, म्हणून तेही सांगून ठेवतो. प्रार्थना कीटक बागेतली कीड खातो, तशाच मधमाश्या आणि फुलपाखरंही खातो, त्याला निवड नाही. त्याला औषध म्हणून आणून सोडू नका, आहे तो राहू द्या. चतुराचं पिल्लू मात्र डासांवर खरंच काम करतं. म्यानमारमध्ये यांगूनला पाणी साठवायच्या भांड्यांत चतुराची पिल्लं सोडून डेंग्यूच्या डासांच्या अळ्या आटोक्यात आणल्या होत्या, लोकांच्या सहभागाने. त्यांनी वापरलेली लाल चतुराची जात आपल्याकडेही सर्रास दिसते. पण याचा अर्थ हौद उघडा ठेवून निर्धास्त व्हायचं असा नाही. डेंग्यूचा डास कुंडीखालच्या ताटलीतल्या दोन चमचे पाण्यात वाढतो, तिथे चतुर अंडीच घालत नाही. ताटल्या आठवड्याला कोरड्या करायच्याच, पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांना घट्ट झाकणं हवीतच, आणि हौदाबद्दल महापालिकेचे कर्मचारी सांगतील ते ऐकायचं. गप्पी मासे सोडले तर ते चतुराची लहान पिल्लं खातील, आणि मोठी पिल्लं माशांची पिल्लं खातील, हेही ध्यानात असू द्या. एका सोसायटीत मी पाहिलं, डासांसाठी म्हणून झाडांवर सगळीकडे औषध मारलं. प्रार्थना कीटक आणि कोळी दुसऱ्या दिवशी फरशीवर पडलेले होते, डास पंधरवड्यात परत आले. पानांवर फवारणीचा आग्रह कुणी धरला तर हे त्यांना जरूर सांगा.

मुलाला करायला दोन कामं देतो. सकाळी ऊन आल्यावर हौदापासून चार हात लांब वीस मिनिटं बसायचं, बरणी-जाळी काही न घेता. एक चतुर निवडायचा. प्रत्येक झेपेला एक रेघ. परत बसल्यावर जबडा हलतोय का बघायचं, हलत असेल तर रेघेवर टिंब. दहा दिवसांत त्याच्याकडे मुलुंडच्या चतुराचा स्वतःचा आकडा असेल. दुसरं, प्रार्थना कीटकाच्या बरणीमागे आलेखाचा कागद लावायचा, चिमट्यातली माशी हळूहळू जवळ न्यायची आणि झडप कितव्या सेंटीमीटरला पडते ते लिहायचं. पोट भरलेलं असताना आणि दोन दिवस उपाशी असताना, दोन्ही.

बरणी उंच हवी, कीटकाच्या लांबीच्या तिप्पट तरी, कारण कात टाकताना तो उलटा लटकतो आणि खाली जागा कमी पडली तर वाकडा होऊन मरतो. रोज पाण्याचे चार थेंब काचेवर शिंपडा, तो ते पितो. कात टाकायच्या आधी दोन-तीन दिवस तो खात नाही, तेव्हा माश्या बाहेर काढा, नाहीतर मऊ पडलेल्या त्याच्या अंगाला त्याच इजा करतात. पोट फुगलेलं दिसलं तर ती मादी आहे, दिवाळीच्या आधी तिला त्याच जास्वंदीवर सोडा, फेसाची पेटी ती तिथेच घालेल. राष्ट्रीय उद्यानातून मात्र काही उचलून आणायचं नाही, एक कातसुद्धा नाही.

आणि हौद धुवायला काढाल तेव्हा एकदम पूर्ण रिकामा करू नका. तळचं बादलीभर पाणी गाळासकट बाजूला ठेवा आणि नवं पाणी भरल्यावर परत ओता. आतल्या बाजूने एखादी खरखरीत काठी उभी टेकवून ठेवा, पिल्लांना रात्री वर चढायला.